घरातील मुके सोबती आणि मुलांची वाढ

'डॉक्टर, घरात कुत्रा पाळला तर चालेल का?' बालरोगतज्ज्ञ म्हणून देवास येथे व्यवसाय करताना हा प्रश्न मला किती वेळा विचारला गेला असेल, याची मोजदाद नाही. व्यवसायाच्या पहिल्या वीस वर्षांत माझे उत्तर ठरलेले असे : 'मूल लहान आहे तोवर नकोच.' हे उत्तर देताना मला कधी विचार करावा लागला नाही, आणि तेच त्या उत्तराचे मुख्य वैगुण्य होते, हे फार उशिरा ध्यानात आले. आज माझा सल्ला बदलला आहे. तो का बदलला आणि बदलताना कोणती पथ्ये सांभाळावी लागतात, हे समव्यावसायिक बंधुभगिनींपुढे व आपल्या स्मरणिकेच्या वाचक पालकांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

धारचे अंगण

माझे बालपण धारला गेले. अठराव्या शतकात पवारांच्या निशाणाबरोबर जी मराठी कुटुंबे माळव्यात आली आणि धार व देवास या संस्थानांच्या आश्रयाने येथेच स्थिरावली, त्यांपैकी आमचे एक. घर म्हणजे जुना वाडा : पुढे ओसरी, मध्ये चौक, मागे परसात गोठा. गोठ्यात एक माळवी गाय आणि तिचे वासरू. माजघरात मांजर, तिचा मुक्काम चुलीच्या उबेला. दारातला कुत्रा तसा कोणाचाच नव्हता आणि साऱ्या बाखळीचा होता. रात्रीचा पहारा मात्र तो आमच्याच ओट्यावरून करी. माझी आजी सकाळची पहिली पोळी गाईसाठी आणि शेवटची कुत्र्यासाठी बाजूला काढी. ती पोळी नेऊन देण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाचे. त्या काळी आम्हांला ते खेळासारखे वाटे. आज बालमानसशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर चार वर्षांच्या मुलावर सोपविलेली ती पहिली जबाबदारी होती.

आपल्या परंपरेने या नात्याला मोठा मान दिला आहे. दत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान आहेत, खंडोबाच्या सोबत कुत्रा आहे, आणि माळव्याच्या गावोगावी दिसणाऱ्या भैरवाचे तर ते वाहनच. कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गात येण्यास नकार देणारा धर्मराज आणि कोरडी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, या कथा आम्ही आजीच्या तोंडून ऐकल्या. वसुबारसेला गाय-वासराची पूजा आणि पोळ्याला मातीचे बैल मांडणे हे आजही आपल्या घरांतून होते. पण प्रत्यक्ष गाय, वासरू आणि बैल मात्र मुलांच्या दृष्टिआड झाले आहेत. वाडे गेले, गोठे गेले. देवासला १९७४ साली बँक नोट प्रेस आली, कारखाने आले, पाठोपाठ वसाहती उभ्या राहिल्या. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत एकुलते एक मूल, कामावर जाणारे आईवडील आणि हाती मोबाइल, असे आजच्या बाल्याचे चित्र माझ्या दवाखान्यात रोज दिसते. प्रश्न गाईचा किंवा कुत्र्याचा उरलेला नाही. माणसाखेरीज दुसऱ्या कोणत्याही जिवाशी संबंध न येता मूल मोठे होऊ शकते, ही आपल्या इतिहासातली नवी गोष्ट आहे.

भीतीचे मूळ

माझ्या नकाराला कारण होते. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळात एका शासकीय रुग्णालयात मी रेबीज झालेले मूल पाहिले. नऊ वर्षांचा मुलगा, धार जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. घरातल्याच पिल्लाने खेळताना बोटाला दात लावला होता. रक्त जेमतेम आले. घरच्यांनी जखमेवर मिरचीची पूड भरली आणि एका जाणत्याकडून मंत्र घालून घेतला. पिल्लू आठवड्याभरात मेले, त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. दोन महिन्यांनी मुलाला पाणी गिळता येईना. त्याच्या आईने पाण्याचा पेला पुढे केला आणि तो पाहताच त्याच्या घशाला जो आचका बसला, तो मी विसरू शकलेलो नाही. आम्ही त्याला शांत ठेवण्यापलीकडे काही करू शकलो नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

हे दृश्य पाहिलेल्या डॉक्टरने पाळीव कुत्र्याच्या नावाने कानावर हात ठेवले, तर त्याला दोष देता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५९,००० माणसे रेबीजने मरतात आणि त्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुले असतात. आपल्या देशात या मृत्यूंचा अंदाज एकेकाळी वर्षाला वीस हजारांच्या आसपास होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अलीकडील पाहणीनुसार तो सुमारे ५,७०० पर्यंत खाली आला आहे. हा रोग लशीने शंभर टक्क्यांच्या जवळ टाळता येतो, हे लक्षात घेता यातला प्रत्येक मृत्यू अनावश्यक आहे.

तथापि त्या मुलाचा मृत्यू कुत्रा पाळल्यामुळे झाला नाही, हे समजायला मला वेळ लागला. कुत्र्याला लस नव्हती, जखम धुतली गेली नाही, आणि मुलाला लस मिळाली नाही. तीन ठिकाणी दार उघडे राहिले आणि मी मात्र चौथेच दार बंद करीत बसलो होतो.

माझी एक चूक

काही वर्षांपूर्वी देवासमधील एका मराठी कुटुंबातील सात वर्षांचा मुलगा माझ्याकडे उपचारासाठी येत असे. दर हिवाळ्यात खोकला आणि घरघर. त्याच्या घरी मोती नावाचा देशी कुत्रा होता. मी चौकशी न करता सांगून टाकले, 'आधी कुत्रा घराबाहेर काढा, मग औषधाचे बघू.' डॉक्टरांचा शब्द म्हणून त्यांनी तो पाळला. मोतीची रवानगी नातेवाइकांच्या शेतावर झाली.

तीन महिन्यांनी मुलाची आजी त्याला घेऊन आली. खोकला होता तसाच होता. 'डॉक्टर, खोकला काही गेला नाही, पण पोराची वाचा गेली,' त्या म्हणाल्या. मुलगा पूर्वीपासून अडखळत बोलत असे, हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की मोतीशी बोलताना तो अडखळत नसे. शाळेतून आला की ओसरीवर बसून तो दिवसभराची हकीकत मोतीला सांगे, आणि तीही मराठीत. शाळा हिंदी-इंग्रजीची, मित्र हिंदी बोलणारे; घरात मोठ्यांपुढे बोलताना चूक होईल ही धास्ती. त्याचे मोकळे मराठी बोलणे ऐकणारा एकच श्रोता होता, आणि तो मी काढून टाकला होता. आता मुलगा शाळेत मुका बसू लागला होता आणि रात्री अंथरूण ओले करीत होता.

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते केले. त्याची ॲलर्जीची त्वचाचाचणी करून घेतली. कुत्र्याची प्रतिक्रिया आली नाही, धुळीतील सूक्ष्म किड्याची जोरदार आली. घराची माहिती विचारली, तेव्हा मुलाच्या खोलीतली जुनी कापसाची गादी, रात्रभर जळणारी डासांची उदबत्ती आणि भिंतीतली ओल एकेक करून पुढे आली. ते सारे बदलल्यावर त्या हिवाळ्यात त्याला एकदाच दवाखान्यात यावे लागले. मी मोतीला परत आणण्यास सांगितले. पण तो शेतावरून घराच्या दिशेने निघून गेला होता आणि महामार्गावर गाडीखाली सापडला होता. घरच्यांनी ते मुलाला सांगितले नव्हते, आणि आता माझ्यासमोरच सांगावे लागले.

वर्षभराने त्याच घराने रस्त्यावरचे एक पिल्लू आणले. मुलाने काही आठवडे त्याच्याकडे पाहिलेही नाही. नंतर पाहिले. तो आता मोठा झाला आहे. बोलताना अजून अडखळतो, पण बोलायचे टाळत नाही. त्या काळात मी या विषयावरचे जे संशोधन मिळेल ते वाचू लागलो. त्याचा सारांश पुढे देत आहे.

प्रतिकारशक्तीची शाळा

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने १७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून दाखविले, की घरात भावंडे जितकी अधिक तितका पुढे ॲलर्जीजन्य सर्दीचा त्रास कमी. यातून पुढे आलेला विचार असा : बाल्यावस्थेत रोगप्रतिकारक यंत्रणेला निरुपद्रवी जंतूंची ओळख झाली नाही, तर ती पुढे परागकण, धूळ, अन्न अशा साध्या गोष्टींनाही शत्रू मानू लागते. शाळेत न गेलेल्या पहारेकऱ्यासारखी तिची अवस्था होते. चोर आणि पाहुणा यांतला फरक तिला कळत नाही.

पाळीव प्राण्यांच्या संदर्भात २००२ साली अमेरिकेतील डेट्रॉइट परिसरात ४७४ मुलांचा जन्मापासून सहा-सात वर्षांपर्यंत मागोवा घेतलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी घरात कुत्रा वा मांजर नसलेल्या मुलांपैकी ३३.६ टक्क्यांची त्वचाचाचणी एखाद्या ॲलर्जीकारक घटकाला सकारात्मक आली. एक प्राणी असलेल्या मुलांत हे प्रमाण ३४.३ टक्के, म्हणजे जवळजवळ तितकेच होते. दोन किंवा अधिक प्राणी असलेल्या मुलांत मात्र ते १५.४ टक्क्यांवर आले. २०१५ साली स्वीडनमध्ये सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरून असे आढळले, की आयुष्याच्या पहिल्या वर्षी घरात कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा होण्याचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी होते. शेतावरील पाळीव जनावरांच्या सहवासात वाढलेल्या मुलांत तर ते निम्म्याहून खाली होते.

फिनलंडमधील २०१२ चा अभ्यास मला विशेष बोलका वाटतो. तेथे ३९७ बालकांच्या पहिल्या वर्षातील आजारपणाची आठवड्याची नोंद पालकांकडून ठेवून घेतली. कुत्रा असलेल्या घरांतील बालकांना श्वसनमार्गाचे आजार आणि कानाचे दुखणे कमी झाले, प्रतिजैविकेही कमी लागली. आणि हा लाभ सर्वाधिक कोठे दिसला? जेथे कुत्रा दिवसातील थोडाच वेळ घरात असे आणि उरलेला वेळ बाहेर हिंडे, तेथे. बाहेरची माती तो पायांनी घरात आणी, आणि बहुधा तीच कामाची ठरली. धारच्या आमच्या ओट्यावरचा कुत्रा नेमका असाच होता!

गोठ्याचेही तसेच. अमेरिकेतील आमिश आणि हटेराइट या दोन शेतकरी समाजांचे मूळ आणि राहणी बरीचशी सारखी आहे. आमिश लोक घराजवळच गाईगुरे व घोडे बाळगून जुन्या पद्धतीची शेती करतात, तर हटेराइट मोठी यांत्रिक शेती करतात आणि त्यांची मुले गोठ्यापासून दूर राहतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार दम्याचे प्रमाण आमिश मुलांत ५.२ टक्के आणि हटेराइट मुलांत २१.३ टक्के होते. आमिशांच्या घरातील धुळीत जंतुजन्य घटक कितीतरी पट अधिक सापडले. क्षयाने ग्रासलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला आले ते येथील कोरड्या, निरोगी हवेसाठी. त्याच देवासात आज माझ्या दवाखान्यात धाप लागलेल्या मुलांसाठी नेब्युलायझर थांबत नाही. याला धूळ, धूर अशी अनेक कारणे आहेत. पण मातीशी व जनावरांशी तुटलेला संबंध त्यांपैकी एक असावा, असे मला वाटते.

येथे एक इशारा आवश्यक आहे. हा लाभ मुख्यत्वे पहिल्या एक-दोन वर्षांतील सहवासाचा आहे, आणि तो समूहांत दिसून आलेला कल आहे. ज्या मुलाला कुत्र्याची किंवा मांजराची ॲलर्जी व दमा आधीच जडला आहे, त्याच्यासाठी प्राणी आणणे म्हणजे आगीत तेल ओतणे. अशा वेळी चाचणी करूनच निर्णय घ्यावा.

मनाची मशागत

शरीरापेक्षा मनावरील परिणाम मोजणे अवघड, पण त्याची जाण जुनी आहे. बोरिस लेव्हिन्सन या अमेरिकन बालमानसतज्ज्ञाकडे एक अबोल मुलगा वेळेआधी येऊन बसला. तेव्हा डॉक्टरांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. कोणाशीही न बोलणारा मुलगा त्याच्याशी खेळू लागला, आणि हळूहळू डॉक्टरांशीही. लेव्हिन्सनने १९६२ साली कुत्र्याला 'सहचिकित्सक' म्हणणारा लेख लिहिला. प्रारंभी सहव्यावसायिकांनी तो चेष्टेवारी नेला. आज प्राण्यांच्या साहाय्याने करावयाच्या उपचारपद्धतीचा आरंभ त्याच्यापासूनच मानतात.

१९८३ सालच्या एका प्रयोगात ३८ मुलांना मोठ्याने वाचावयास सांगून त्यांचा रक्तदाब मोजला गेला. खोलीत कुत्रा असताना तो कमी राहिला. १९९९ पासून अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटी येथे वाचताना अडखळणाऱ्या मुलांना कुत्र्यापुढे पुस्तक वाचावयास बसविण्याचा उपक्रम सुरू झाला आणि तो पुढे अन्य देशांतही गेला. त्यामागचे तत्त्व साधे आहे : कुत्रा चूक काढीत नाही, घाई करीत नाही आणि हसत नाही. मी हे वाचले तेव्हा मला देवासच्या त्या ओसरीवरची शाळा आठवली, जी कोणीही न काढता सुरू झाली होती आणि मी बंद पाडली होती.

२०१५ साली जपानी संशोधकांनी दाखविले, की कुत्रा आणि त्याचा मालक एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. आई आणि तान्हे मूल यांच्यातील बंध दृढ करणारे संप्रेरक तेच.

याशिवाय रोजच्या व्यवहारात दिसणारे लाभ आहेत. अमेरिकन अभ्यासक गेल मेल्सन यांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले आहे. बाहुली खेळणे, तान्ह्या भावंडाला सांभाळणे हे मुलींचे काम, असे मुलगे लवकर शिकतात. पण कुत्र्यामांजरांची काळजी घेण्यावर मुलीपणाचा शिक्का नसतो. त्यामुळे मुलग्यांना जिव्हाळ्याने दुसऱ्याचे करण्याचा सराव बहुधा येथेच मिळतो. आपल्या घरांतून मुलग्यांना स्वयंपाकघरापासून आणि आजारी माणसाच्या उशापासून दूर ठेवण्याची रीत लक्षात घेता, हे शिक्षण मला फार मोलाचे वाटते.

आणि शेवटी मृत्यू. कुत्र्याचे आयुष्य दहा-बारा वर्षांचे. मुलाला आयुष्यातला पहिला वियोग बहुतेक वेळा या सोबत्याचाच घडतो. त्या वेळी 'तो गावाला गेला' असे खोटे सांगू नये. त्याला रडू द्यावे, परसात किंवा शेतात पुरताना त्याला बरोबर न्यावे. मोतीच्या बाबतीत मोठ्या माणसांनी जे लपविले, त्याचा त्रास त्या मुलाला मृत्यूच्या दुःखापेक्षा अधिक झाला, असे त्याच्या आजीचे मत होते; आणि ते मला पटते.

दुसरी बाजू

वकिली एकतर्फी होऊ नये म्हणून हेही सांगणे भाग आहे, की २०१७ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात पाच हजारांहून अधिक घरांच्या माहितीचा अभ्यास झाला. प्राणी असलेल्या घरांतील मुले प्रथमदर्शनी अधिक निरोगी दिसली. पण अशी घरे मुळातच अधिक सुस्थितीत असतात, हा भाग वजा केल्यावर फरक जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे, प्राणी आणला की मूल आपोआप गुणी आणि निरोगी होते, असे समजणे भाबडेपणाचे आहे. साखळीला बांधून गच्चीत ठेवलेला कुत्रा मुलाला दया शिकवीत नाही. तो निष्ठुरपणाची सवय लावतो. लाभ प्राण्याच्या असण्यात नसून त्याच्याशी जडलेल्या नात्यात आहे, आणि ते नाते जडायला घरातील मोठ्या माणसांचा वेळ लागतो. वाढदिवसाची भेट म्हणून जातिवंत पिल्लू आणायचे आणि सहा महिन्यांनी 'जमत नाही' म्हणून सोडून द्यायचे, यापेक्षा न आणलेले बरे.

गडचिरोली जिल्ह्यात हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी अनाथ वन्य प्राण्यांचा सांभाळ केला, आणि त्यांची मुले त्या प्राण्यांच्या सहवासातच वाढली. आपल्याच व्यवसायबंधूंचे हे उदाहरण थक्क करणारे आहे. पण ते आदरासाठी आहे, अनुकरणासाठी नव्हे. वन्य प्राणी घरी पाळण्यास कायद्याने बंदी आहे. आपल्या आजोळी ओसरीवर टांगलेला राघू आठवून कोणी पिंजरा विकत आणीत असेल, तर त्यांनी ध्यानात ठेवावे, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार देशी पोपट पाळणे हा गुन्हा आहे. तारांकित कासवाचेही तेच.

पालकांसाठी दक्षता

१. कुत्र्याच्या पिल्लाला तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस, पशुवैद्यांच्या सल्ल्याने पुढची मात्रा आणि नंतर दरवर्षी नेमाने लस द्यावी. मांजरालाही ती लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

२. चावा किंवा ओरखडा कितीही लहान असो, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, हळद, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटात चौदा सुया घेण्याचे दिवस गेले. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीनंतर बनविली जात नाही. आजची लस दंडात घेतात आणि तिच्या चार-पाच खेपा पुरतात.

३. समव्यावसायिकांना स्मरण : रक्त आलेल्या चाव्यात केवळ लस पुरेशी नाही, इम्युनोग्लोब्युलिन जखमेत व भोवती द्यावे. लस नितंबात देऊ नये. लहान बालकांत ती मांडीच्या पुढील-बाहेरील भागात द्यावी. 'घरचाच कुत्रा आहे, लस दिलेली आहे' या आश्वासनावर विसंबून उपचार लांबवू नये. उपचार सुरू करून दहा दिवस प्राण्यावर लक्ष ठेवावे.

४. कुत्र्यामांजरांना पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे जंतांचे औषध नियमित द्यावे. गोचीड, पिसवा काढाव्यात. प्राण्याला हात लावल्यावर, विशेषतः जेवणापूर्वी, मुलाने साबणाने हात धुवावेत. या एका सवयीने निम्मी भीती दूर होते.

५. घरात गर्भवती स्त्री असल्यास मांजराची विष्ठा दुसऱ्या व्यक्तीने रोजच्या रोज काढावी. टोक्सोप्लाझ्माची अंडी संसर्गक्षम होण्यास एक दिवस तरी लागतो, म्हणून 'रोज' हा शब्द महत्त्वाचा. मांजराला हाकलून देण्याची गरज नाही.

६. पाच-सहा वर्षांखालील मुलाला प्राण्याजवळ एकटे सोडू नये, प्राणी कितीही गरीब असला तरी. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळ बसलेल्या कुत्र्याला हात लावू नये, हा धडा मुलाला पहिल्या दिवशीच द्यावा.

कोणता प्राणी, कोणत्या वयात?

सर्वांनीच कुत्रा पाळावा असे मुळीच नाही. दोघेही दिवसभर बाहेर असतील, तर कुत्र्यावर अन्याय होतो. अशा घराला मांजर बरे, ते एकटे राहू शकते. तीन-चार वर्षांच्या मुलाने पाण्याची वाटी भरावी. सहा-सात वर्षांचे मूल खाणे घालू शकते आणि ब्रश फिरवू शकते. दहा वर्षांचे मूल मोठ्यांच्या सोबतीने सकाळी टेकडीच्या पायथ्याशी कुत्र्याला फिरवून आणू शकते. त्यात त्याचाही व्यायाम होतो, आणि तो मोबाइल सोडून होतो! मात्र प्राण्याची अंतिम जबाबदारी मोठ्यांचीच. मुलाने विसरले म्हणून मुका जीव उपाशी राहू नये. मुळीच शक्य नसेल, तर गच्चीवर पक्ष्यांसाठी पाण्याचे परळ ठेवावे, गल्लीतल्या कुत्र्याला पोळी घालावी आणि त्याला लस मिळेल हे पाहावे. आजीची ती शेवटची पोळी अजूनही देता येते.

समारोप

आपल्या व्यवसायात 'नको' म्हणणे सोपे आणि सुरक्षित असते. 'हो' म्हणताना मात्र पुढच्या प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात : कोणती लस, केव्हा, काय काळजी. मी वीस वर्षे सोपा मार्ग पत्करला, आणि त्याची किंमत एका मुलाने व एका कुत्र्याने मोजली. आता कोणी मला विचारले, 'डॉक्टर, कुत्रा पाळू का?' तर मी लेखणी खाली ठेवतो आणि उलट विचारतो : घरात कोण कोण आहे? दमा कोणाला आहे? दिवसा घरी कोण असते? मूल कोणाशी बोलते?

यातला शेवटचा प्रश्न मी पूर्वी कधीच विचारीत नसे. समव्यावसायिक मित्रांनी तो अवश्य विचारावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.